रायफलीला काय जोडायचं आणि काय सुटं ठेवायचं

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलताना येणारे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे छाटलेत, बाकी आहे तसंच ठेवलंय.)

बसमध्ये असाल तर खिडकीची जागा पकडा, घरी असाल तर भांडी घासता घासता ऐका. मी ऑफिसमधून आत्ताच आलोय, चहा समोर आहे, आणि आजचा विषय नेहमीपेक्षा वेगळा आहे.

एका श्रोत्याने व्हॉट्सॲपवर विचारलं होतं, “दादा, तू रायफल शूटिंग करतोस ना? मग बीजीएमआयमध्ये आपण बंदुकीला जे अटॅचमेंट लावतो, ते खऱ्या रायफलीला पण तसंच खट्कन लागतं का?”

मी आधी हसलो. मग वाटलं, प्रश्न भारी आहे. कारण गेममध्ये काय होतं? जमिनीवर ग्रिप पडलेली दिसते, बोटाने ओढून बंदुकीवर टाकली की झालं, रिकॉइल कमी. गेममधलं अटॅचमेंट सहसा फायदाच देतं. खऱ्या रायफलीला तुम्ही जे काही लावता, ते बदल्यात काहीतरी घेतं. वजन घेतं, तोल घेतं, कधी नेम घेतं, आणि एका बाबतीत तर माणूससुद्धा घेऊ शकतं. ती शेवटची गोष्ट माझ्या घरची आहे. ती शेवटी सांगतो.

आज दोनच वस्तू घेऊया. पट्टा, म्हणजे स्लिंग. आणि दिवा, म्हणजे टॉर्च. दोन्ही साध्या, आणि दोन्ही चुकीच्या जागी लागल्या तर नडणाऱ्या.

आधी पट्टा.

सिनेमात सैनिकाच्या खांद्याला बंदूक लटकते, तो पट्टा. आपल्याला वाटतं तो फक्त अडकवायला असतो. पण पन्नास मीटरच्या शूटिंगमध्ये तोच पट्टा नेम धरायला मदत करतो. तुम्ही पोटावर झोपता, डावं कोपर जमिनीवर टेकतं. पट्ट्याचं एक टोक डाव्या दंडाभोवती घट्ट बसतं, दुसरं टोक रायफलीच्या पुढच्या भागाखाली, जिथे हात टेकतो तिथल्या हँडस्टॉपला अडकतं. आता डावा पंजा अगदी सैल सोडला तरी रायफल खाली येत नाही. दंड, हात आणि पट्टा यांचा एक त्रिकोण तयार होतो आणि वजन हाडांवर आणि पट्ट्यावर जातं. स्नायूंना काम उरत नाही. स्नायू दमतात, थरथरतात. हाड थरथरत नाही.

स्पर्धेच्या नियमांत पट्ट्याची रुंदी जास्तीत जास्त ४० मिलिमीटर. झोपून आणि गुडघ्यावर बसून मारताना पट्टा चालतो, उभ्याने मारताना चालत नाही. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेतलं, ते याच प्रकारात, ५० मीटर थ्री पोझिशन. फायनलचा स्कोअर ४५१.४. तो सामना परत बघा. गुडघ्यावर आणि झोपून मारताना पट्टा ताणलेला दिसेल. उभं राहायची वेळ आली की पट्टा नाही. आणि पन्नास मीटरवरच्या टार्गेटमधल्या दहाच्या वर्तुळाचा व्यास किती? १०.४ मिलिमीटर. शर्टाच्या गुंडीएवढा.

आता माझी फजिती ऐका.

बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला मी पुण्यातल्या एका क्लबमध्ये जायला लागलो. तिथली एक जुनी पॉइंट टू-टू रायफल माझ्या वाट्याला आली. लाकडी, सडपातळ, दिसायला देखणी. पहिले दहा शॉट छान, एका जागी. मग मी उत्साहात पट्टा दोन भोकं घट्ट केला आणि सगळे शॉट सरकले. तिथेही एका जागी, पण ती जागाच वेगळी. मी साइट फिरवली, पुन्हा मध्ये आणले. दुसऱ्या दिवशी जाड जॅकेट घातलं, पट्ट्याचा ताण बदलला, शॉट परत पळाले. मी तीन आठवडे साइट फिरवत होतो. कोडमध्ये बग दुसरीकडे असताना आपण कॉन्फिग फाइल बदलत बसतो ना, अगदी तसं.

शेवटी आमचे सर आले. त्यांनी काही विचारलं नाही. रायफल रिकामी आहे ना हे स्वतः उघडून पाहिलं, खिशातून दहाची नोट काढली, नळी आणि खालचं लाकूड यांच्या मधल्या फटीत घातली आणि मागेपर्यंत सरकवली. नोट सुळकन गेली. मग मला म्हणाले, “आता पोझिशन घे, पट्टा ताण.” मी ताणला. नोट अडकली.

सर म्हणाले, “कळलं का?”

मला लगेच कळलं नाही, नंतर कळलं. पट्टा ओढला की सडपातळ लाकूड जरासं वाकत होतं आणि नळीला टेकत होतं. गोळी सुटते तेव्हा नळी थरथरते, तारेसारखी. गोळी नळीत दोन-तीन मिलिसेकंदच असते, पण तेवढ्यात नळीला कोणी हात लावला तर थरथर बदलते आणि गोळीची वाट बदलते. म्हणून चांगल्या रायफलीत नळी पुढून मोकळी ठेवतात. तिला फ्री फ्लोटिंग बॅरल म्हणतात. मागे घट्ट धरलेली, पुढे कशालाच न टेकलेली.

हीच अडचण अमेरिकन सैन्याच्या एम-१६ रायफलीतही होती. तिचा पुढचा पट्ट्याचा कडा ज्या तुकड्यावर असतो, तो पुढच्या साइटचा तुकडा थेट नळीवर पिनांनी ठोकलेला असतो. पट्टा जोरात ओढला की नळीवरच ताण येतो आणि नेम सरकतो. तिथल्या स्पर्धांच्या एम-१६ सारख्या रायफलींत मग एक युक्ती आली. हँडगार्डच्या आत एक धातूची नळकांडी बसवली, पट्टा त्या नळकांडीला अडकवला, आणि नळी आतून मोकळी राहिली. बाहेरून रायफल तशीच दिसते, आतून ताणाचा रस्ता बदललेला असतो.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला कपलिंग म्हणतो. दोन मॉड्यूल एकमेकांना इतके चिकटलेले की एकाला हात लावला की दुसरं बिघडतं. पट्टा शरीराला घट्ट हवा, लाकडाला किंवा त्या नळकांडीला घट्ट हवा, पण नळीशी त्याचं काही नातं नको. आज एवढा एकच मुद्दा लक्षात ठेवा, पुढे दिव्याला लागणार आहे.

बाकी पट्ट्याचे प्रकार पटकन सांगतो. टू-पॉइंट, म्हणजे पुढे एक आणि मागे एक जोड. सगळ्यात जुना आणि अजूनही सगळ्यात उपयोगी. सिंगल-पॉइंट, म्हणजे मागे एकच जोड. रायफल या खांद्यावरून त्या खांद्यावर नेणं सोपं, पण सोडली की गुडघ्यांमध्ये आपटते. मग थ्री-पॉइंट, ज्यात पट्ट्याचा एवढा गुंता असतो की अंगात घालायलाच शिकावं लागतं. जोडायला हल्ली बटण दाबून निघणारे कडे येतात, क्यूडी म्हणतात त्यांना. बसवल्यावर एकदा जोरात ओढून बघायचं, एवढाच नियम. कडा अर्धवट बसलेला असतो आणि रायफल खाली पडल्यावरच ते कळतं.

आता दिवा. पण त्याआधी दिवा कशावर बसतो ते बघू, कारण इथे इंजिनिअर लोकांना मजा येणार आहे.

पूर्वी रायफलीला टॉर्च लावायचा म्हणजे काय करायचे? चिकटपट्टी. किंवा गॅसच्या पाइपला लावतो तसला होज क्लॅम्प. दुर्बिणीसाठी अमेरिकेत वीव्हर नावाची पट्टी होती, आडव्या खाचा असलेली, पण त्या खाचांमधलं अंतर सगळीकडे सारखं असेलच असं नाही. एकाची वस्तू दुसऱ्याच्या रायफलीवर बसेल याची खात्री नाही. चार्जरच्या पिना आठवा, प्रत्येक फोनची वेगळी. तसंच.

मग न्यू जर्सीतल्या पिकॅटिनी आर्सेनल या लष्करी संस्थेने ते मोजमाप पक्कं केलं. फेब्रुवारी १९९५ मध्ये मिल-स्टँडर्ड-१९१३ निघालं. खाच ०.२०६ इंच रुंद. एका खाचेच्या मध्यापासून पुढच्या खाचेच्या मध्यापर्यंत ०.३९४ इंच, म्हणजे साधारण दहा मिलिमीटर. बस, एवढंच. पण या एवढ्यामुळे दिवा बनवणारा, दुर्बीण बनवणारा आणि रायफल बनवणारा यांना एकमेकांना भेटायची गरज उरली नाही. वीव्हरची खाच ०.१८० इंचाची, त्यामुळे वीव्हरसाठी बनवलेली वस्तू बऱ्याचदा पिकॅटिनीवर बसते, उलट मात्र नेहमी होत नाही. बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी, मंडळी! एम-४ वर चारही बाजूंना अशा पट्ट्या असलेलं जे हँडगार्ड दिसतं, त्याच्या एका प्रकाराचं नावच रेल इंटरफेस सिस्टिम आहे. नावातच इंटरफेस.

पण चारही बाजूंना धातूचे दात म्हणजे वजन, आणि हात सोलवटतात ते वेगळंच. म्हणून पुढे उलटा विचार झाला. हँडगार्ड गुळगुळीत ठेवा, त्याला फक्त भोकं पाडा, आणि हवं तिथेच जोड बसवा. २०१२ मध्ये कीमॉड आलं. कुलपाच्या चावीच्या भोकासारखा आकार, आणि आराखडा सगळ्यांना खुला. २०१४ मध्ये मॅगपुल कंपनीचं एम-लॉक आलं. लांबट खाच, आत टी आकाराचा नट, स्क्रू फिरवला की नट आतून ९० अंश वळतो आणि पकडतो. एम-लॉकचं लायसन्स घ्यावं लागतं, पण फुकट मिळतं. दोन स्टँडर्ड, दोन गट, इंटरनेटवर भांडणं. ॲन्ड्रॉइड-आयफोनची आठवण यावी इतकी.

मग अमेरिकेच्या स्पेशल ऑपरेशन्स कमांडसाठी नौदलाच्या क्रेन इथल्या केंद्राने दोन्हींची चाचणी घेतली. वस्तू काढून परत बसवली तर नेम किती सरकतो, आपटली तर काय होतं, किती वजनाला जोड तुटतो. २०१७ मध्ये निकाल बाहेर आला, एम-लॉक सरस. पूर्ण खुलं असलेलं स्टँडर्ड मागे पडलं. ओपन सोर्सवाला म्हणून मला जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण जोड किती पक्का आहे हे भांडणाने ठरत नाही, तो आपटूनच बघावा लागतो.

आता खरोखर दिवा बसवताना काय बघतात? पहिलं, रायफल रिकामी. दोनदा बघायचं, डोळ्यांनी आणि बोटाने. दुसरं, दिवा नळीला लावायचा नाही, हँडगार्डला लावायचा. नोट आठवली ना? शिवाय नळी तापते. तिसरं, दिवा फार मागे ठेवला तर नळीची सावली उजेडात पडते आणि नेमका तोच कोपरा अंधारा राहतो. फार पुढे नेला तर काचेवर काजळी बसते आणि पुढचं वजन वाढतं. चौथं, स्क्रू. जोर लावून पिळायचा नाही, कंपनीने दिलेल्या मापाने टॉर्क रेंचने आवळायचा, मळ्यांना लावतो तो चिकट द्रव थेंबभर, आणि मग स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या धातूपर्यंत रंगाची एक बारीक रेघ. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, स्क्रू फिरलाय. केवढं स्वस्त मॉनिटरिंग! आमच्या ऑफिसमधल्या डॅशबोर्डपेक्षा भरवशाचं.

पाचवं, बटण. दिव्याचं बटण पुढच्या हाताकडे ठेवतात, चापाच्या बोटापासून लांब. दचकल्यावर माणसाची एक मूठ आवळली की दुसरी पण आवळू पाहते. म्हणून चापाचं बोट बाहेर, सरळ, आणि दिव्याचं काम दुसऱ्या हाताचं. इथेही तेच, दोन कामं सुटी ठेवा.

आणि आता तो मुद्दा, ज्यासाठी मी हा भाग करतोय.

जेफ कूपर नावाचा अमेरिकन मरीन अधिकारी होता. त्याने १९७६ मध्ये ॲरिझोनात शूटिंगची शाळा काढली. बंदूक हाताळायचे त्याचे चार नियम जगभर शिकवतात. त्यातला एक असा, की ज्याचा नाश करायची तुमची तयारी नाही, त्याच्यावरून नळीचं तोंड फिरूसुद्धा द्यायचं नाही. आणि दुसरा असा, की समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे हे ओळखल्याशिवाय मारायचं नाही.

आता अंधारात उभे राहा. ओळखायला उजेड हवा. उजेड बंदुकीला बांधलेला आहे. म्हणजे ओळखायचं असेल तर आधी नळी रोखायला लागते. एक नियम पाळायला गेलात की दुसरा मोडतो. दिवा कितीही महागाचा असू दे, ही अडचण स्क्रूने सुटत नाही. म्हणूनच चांगले शिक्षक सांगतात की शोधायला हातातला टॉर्च वेगळा ठेवा, आणि बंदुकीचा दिवा लावावाच लागला तर नळी खाली, जमिनीवर किंवा भिंतीच्या पायाशी, आणि तिथून परतणाऱ्या उजेडात बघा.

हे मी वाचलं तेव्हा मला अमेरिका आठवली नाही. आबाकाका आठवला.

आमचं गाव सिंधुदुर्गात. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरतात, एका रात्रीत कोपरा लोळवून जातात. आबाकाकाकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. असा परवाना म्हणजे डुक्कर मारायची मोकळीक नव्हे, त्याला वनखात्याची परवानगी वेगळी लागते. काका बहुतेक वेळा आवाज करूनच हाकलायचा. पण बंदूक भरलेली असायची. आणि नळीखाली काळ्या इन्सुलेशन टेपने गुंडाळलेली तीन सेलची बॅटरी. कुठलंही स्टँडर्ड न वाचता काकाने केलेलं माउंटिंग. ती रायफल नव्हती, पण गोष्ट तीच.

मी आठवीत होतो. काकी म्हणाली, काकाला चहा नेऊन दे. मी थर्मास घेऊन निघालो, चांदणं होतं म्हणून बॅटरी घेतली नाही. मांगराच्या आधी एक वळण आहे, तिथून बांधावरून चाललो तर वेळ वाचतो. मी भातातून सळसळत गेलो.

उजेड एकदम तोंडावर आला. मला काहीच दिसेना, पांढरं फक्त. मी हात वर केला, थर्मास पडला. दोन सेकंद काही आवाज नाही. मग उजेड खाली गेला, जमिनीवर, आणि काकाचा आवाज आला. आवाज काकाचा होता पण ओळखू येत नव्हता.

“मेल्या, साद घालूक काय झाला तुका?”

मी घरी येऊन झोपलो. खरं सांगतो, मला तेव्हा भीतीच वाटली नाही. उजेड तोंडावर आला म्हणजे नळी तोंडावर आली होती, हे मला कळलंच नव्हतं. सकाळी पडवीत बघितलं तर काका कोयत्याने बंदुकीवरचा टेप कापत बसला होता. बॅटरी सुटी करून त्याने काकीला दिली, म्हणाला घरात ठेव. त्या आठवड्यात कुडाळला जाऊन कपाळाला बांधायची बॅटरी घेऊन आला. आणि आमच्या घरात एक नियम झाला. रात्री शेताकडे जाणाऱ्याने वळणावर थांबून साद घालायची, आणि उलट साद आली की मगच पुढे जायचं. हँडशेक, मंडळी. रिक्वेस्ट आणि ॲक्नॉलेजमेंट.

काका त्या रात्रीबद्दल कधी बोलला नाही. मी शूटिंग सुरू केलं तेव्हा घरच्या सगळ्यांनी स्कोअर विचारला, त्याने एकच विचारलं, “थंय उजेड असता मां?” तिथे उजेड असतो ना? मी म्हटलं, ट्यूबलाइट असतात काका, दिवसासारखा लख्ख. तो म्हणाला, “मगे बरा.”

कोकणात डुक्कर समजून माणसावर गोळी सुटल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. मी प्रत्येक बातमीत तो दोन सेकंदांचा आवाज नसलेला वेळ शोधतो. आमच्याकडे ते दोन सेकंद होते, म्हणून मी आज तुमच्याशी बोलतोय.

तर श्रोत्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, खट्कन लागतं. तीस वर्षांपूर्वी कोणीतरी खाचेचं माप पक्कं केलं म्हणून लागतं. पण लावण्याआधी नोट सरकवून बघ. आणि ज्याने बघायचं त्याने मारायचं नाही, ही दोन कामं शक्य तितकी लांब ठेव. गेम खेळ, मजा कर, मी पण खेळतो. फक्त गावी कोणाच्या बंदुकीला टेपने बॅटरी बांधलेली दिसली, तर त्या माणसाला हा भाग ऐकव. डोक्याची बॅटरी काही फार महाग नसते.

चहा गार झाला माझा. पुढच्या भागात भेटू. तोवर रात्री कुठे बांधावरून जात असाल तर साद घाला.